चिंतेकडून चिंतनाकडे

आषाढ शुद्ध एकादशीस शास्त्रकारांनी ‘देवशयनी’ असे नाव दिले आहे. या दिवसापासून भगवान विष्णू क्षीरसागरी शेषशय्येवर निद्रिस्त होतात, ते थेट कार्तिक शुद्ध एकादशीस जागे होतात, अशी पुराणांची धारणा आहे. परंतु आमच्या पंढरपुरात याच सुमारास एक विलक्षण प्रकार घडतो. यात्रेच्या दिवसांत देवाच्या शेजघरातील पलंग काढला जातो. पांडुरंगाच्या पाठीशी लोड आणि रुक्मिणीमातेच्या पाठीशी तक्क्या ठेवला जातो, आणि मग प्रक्षाळपूजेपर्यंत अहोरात्र दर्शन सुरू राहते. पुराणे सांगतात, देव आज झोपी जातो. पंढरी सांगते, देवाला आज झोप नाही! शेकडो मैलांची वाट तुडवून लेकरे दारी आली असता मायबापांस झोप कशी यावी?

या दोन्ही गोष्टी आम्हांस सारख्याच खऱ्या वाटतात. संकटकाळी माणसाला कधी वाटते, देव झोपला आहे. आणि कधी अकस्मात प्रत्यय येतो, की तो आपल्याचसाठी जागा होता. या दोन अनुभवांमधील अंतर कसे तोडावे, हाच आजच्या चिंतनाचा विषय योजिला आहे. सुज्ञ वाचकांनी आमचे बोल कीर्तनाप्रमाणेच गोड मानून घ्यावेत.

एक धातू, दोन वाटा

सध्याचा काळ चिंतेचा आहे, हे कोणास नव्याने सांगावयास नको. शेतकऱ्याच्या घरी पावसाची चिंता, नोकरदाराच्या घरी महागाईची, तरुणांस उद्योगाची आणि वृद्धांस परगावी वा परदेशी गेलेल्या मुलाबाळांची. कीर्तन आटोपल्यावर पाया पडावयास येणारी मंडळी पूर्वी आशीर्वाद मागत, आता पुष्कळ जण हळूच विचारतात, “बुवा, पुढं कसं होणार?”

संस्कृत भाषेची एक गंमत पाहावी. ‘चिंता’ आणि ‘चिंतन’ हे दोन्ही शब्द ‘चिन्त्’ या एकाच धातूपासून निघाले आहेत. मनाची शक्ती तीच. परंतु एका वाटेने गेली तर ती माणसास पोखरते, दुसऱ्या वाटेने गेली तर तारते. गिरणीत दाणे घातले नाहीत, तरी जाते फिरतच राहते आणि मग दगड दगडाला खातो. मन हेही असेच जाते आहे. त्यात काय घालावयाचे, एवढेच काय ते आपल्या हाती.

दुसरा शब्द ‘कृतज्ञ’. ‘कृतं जानाति’, म्हणजे जे केले गेले आहे ते जो जाणतो, तो कृतज्ञ. या शब्दात कोठेही आनंदाची अट नाही. ज्याचे सर्व काही सुरळीत आहे त्यानेच कृतज्ञ व्हावे, असेही त्यात नाही. कोणी तरी आपल्यासाठी काही केले आहे, त्याची जाणीव ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ. आणि तिसरा शब्द ‘आशा’. संस्कृतात या शब्दाचा एक अर्थ ‘दिशा’ असाही आहे. ज्यास आशा उरली, त्यास दिशा उरली, असे आम्ही कीर्तनात नेहमी सांगतो.

रघुनाथांचा चातुर्मास

आजपासून चातुर्मास आरंभतो. या निमित्ताने प्रभू रामचंद्रांच्या एका चातुर्मासाचे स्मरण करू.

वालीवधानंतर सुग्रीवास किष्किंधेचे राज्य मिळाले. परंतु पावसाळा तोंडावर आला होता. श्रावण लागला, आता सैन्य हलविता यावयाचे नाही, तेव्हा कार्तिक लागताच सीतेच्या शोधास प्रारंभ करावा, असे ठरले आणि राम-लक्ष्मण प्रस्रवण पर्वतावरील गुहेत राहावयास गेले. सीता कोठे आहे हे ठाऊक नाही; जिवंत आहे की नाही, हेही ठाऊक नाही. बाहेर मेघांची गर्जना, नद्यांना पूर, वाटा बंद. महर्षी वाल्मीकींनी किष्किंधाकांडात या पर्जन्यकालाचे अतिशय रमणीय वर्णन केले आहे. परंतु त्या प्रत्येक मेघात आणि प्रत्येक विजेत रामाला सीताच आठवते. प्रत्यक्ष भगवंताने शोक केला, हे आदिकवींनी लपविले नाही. म्हणून दुःखात डोळ्यांस पाणी आले तर श्रद्धा उणी पडली, असे कोणी समजू नये.

पावसाळा सरला, तरी सुग्रीव सुखात रमला. दिलेला शब्द त्यास आठवेना. तेव्हा क्रुद्ध लक्ष्मणाने त्याला जे सुनावले त्याचा आशय असा, की अन्य पातकांस शास्त्राने प्रायश्चित्त सांगितले आहे, कृतघ्नतेस मात्र प्रायश्चित्त नाही. विचार करावा, ज्याचे दिवस वाईट होते त्या रामाला मित्राचे उपकार आठवत होते, आणि ज्याचे दिवस पालटून चांगले आले तो सुग्रीव विसरला. कृतज्ञता ही सुखाची सावली नव्हे. ती सुखाबरोबर आपोआप येत नाही. ती निवडावी लागते.

आता सुंदरकांडात या. मारुतिराय समुद्र लंघून लंकेत आले. रावणाचे महाल, अंतःपुर, पानगृहे, सर्व धुंडाळले, सीता नाही. तेव्हा त्या महाबलाढ्य वीराच्या मनातही चिंतेची साखळी सुरू झाली. मी रिकाम्या हाती परत गेलो तर राम जगणार नाहीत. राम गेले तर लक्ष्मण नाही. मग भरत, शत्रुघ्न, माता, मग सुग्रीव आणि सारे वानरकुळ... एका अपयशातून संपूर्ण कुळाचा विनाश त्याने मनाने पाहून टाकला! रात्री अंथरुणावर पडल्यावर आपण सारे याच पद्धतीने विचार करतो की नाही? मुलाचे पत्र आले नाही, येथून आरंभ होतो आणि पहाटेपर्यंत सारा संसार बुडालेला असतो. मारुतीने तर देहत्यागाचाही विचार केला. परंतु त्याने स्वतःस सावरले. निराश न होणे, ज्यास तेथे ‘अनिर्वेद’ म्हटले आहे, तेच सर्व वैभवाचे मूळ होय, आणि जिवंत राहणाऱ्यासच पुढे मंगल भेटते, असा निश्चय त्याने केला. मग त्याची दृष्टी वृक्षांनी गजबजलेल्या अशोकवनाकडे गेली. एवढे एक उपवन पाहावयाचे राहिले होते!

आणि पुढचे फार महत्त्वाचे आहे. त्या वनात पाऊल टाकण्यापूर्वी मारुतीने राम, लक्ष्मण, जानकी आणि सर्व देवतांस नमस्कार केला. सीता सापडल्यावर नव्हे, सापडण्यापूर्वी! हातात काहीही नसताना केलेला तो नमस्कार हीच आशा, आणि तीच कृतज्ञता. पुढे त्याच अशोकवनात सीतामाईंस रामाची वार्ता मिळाली, तेव्हा त्यांनीही हेच म्हटले, की माणूस जिवंत राहिला तर शंभर वर्षांनीही त्याच्याकडे आनंद चालत येतो, ही लोकांत चालत आलेली म्हण आज खरी ठरली.

आमचा एक अपराध

येथवर शास्त्र झाले. आता एक अपराध कबूल करावयाचा आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. भीमाकाठच्या एका गावी सप्ताहासाठी आम्ही गेलो होतो. ज्या घरी उतरलो, त्या घरातील तरुण मुलगा महिन्यापूर्वीच वारला होता. आम्ही त्या रात्री कीर्तनास विषय घेतला तो तुकोबारायांच्या चरित्राचा. इ.स. १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ. त्यात महाराजांचा व्यापार बुडाला, ज्येष्ठ पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. आणि तरीही महाराजांनी त्या दिवाळखोरीबद्दल, त्या आपत्तीबद्दल देवाचे बरेच मानले, कारण त्यायोगे ते विठ्ठलाच्या पायांशी आले. आम्ही रसभरित निरूपण केले आणि शेवटी त्या माउलीकडे पाहून म्हटले, “देव करतो ते बऱ्याचसाठी, जे झाले ते बरेच झाले म्हणावे.”

कीर्तन संपले. पाने वाढली. ती माउली वाढता वाढता शांतपणे म्हणाली, “बुवा, बरं झालं का वाईट झालं, ते माझं मी म्हणीन. तुकोबांचं तुकोबांनी म्हटलं. तुम्ही नुसतं घडीभर बसा माझ्यापाशी.” आणि तिने आमच्या ताटात गरम भाकरी वाढली.

तो घास आमच्या घशाखाली उतरला नाही. आम्ही व्याकरण शिकलो, न्याय शिकलो, भागवताची पारायणे केली. परंतु एवढी साधी गोष्ट आम्हांस कोणत्याही ग्रंथाने शिकविली नव्हती. ‘बरे झाले’ हे उद्गार तुकोबारायांनी स्वतःच्या दुःखाविषयी काढले होते, शेजाऱ्याच्या दुःखाविषयी नव्हे. आपल्या वाट्याच्या खतपत्रांचे कागद त्यांनी इंद्रायणीत बुडविले, धाकट्या भावाच्या वाट्याचे नव्हेत, अशी कथा महिपतींनी सांगितली आहे. वैराग्य स्वतःचे असावे, करुणा दुसऱ्यासाठी असावी. आम्ही उलटे करून बसलो होतो.

रिकामी वाट

मग तो काळ आला, ज्याने आमचीच परीक्षा घेतली. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे श्रीविठ्ठलाचे मंदिर भाविकांसाठी बंद झाले. त्या वर्षी पायी वारी झाली नाही. ३० जून २०२० रोजी, म्हणजे दशमीस, संतांच्या पादुका मोजक्या मंडळींसह एस. टी. बसने पंढरीस आल्या. १ जुलैच्या एकादशीस चंद्रभागेचे वाळवंट सुने होते. ज्या प्रदक्षिणामार्गावर आषाढीत मुंगीस वाट मिळत नाही, तो आम्ही खिडकीतून रिकामा पाहिला. कुंकू-बुक्का, चुरमुरे, पेढे, तुळशीच्या माळा विकून जी घरे आषाढीच्या चार दिवसांत वर्षाची तरतूद करतात, त्या घरांच्या चुली कशा पेटल्या असतील, ते पांडुरंगच जाणे. १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्यास, दारे उघडली; पुढील वर्षी एप्रिलमध्ये ती पुन्हा बंद झाली, ती ७ ऑक्टोबर २०२१ च्या घटस्थापनेपर्यंत.

त्या दुसऱ्या लाटेत आमच्या सौभाग्यवती आजारी पडल्या. बारा दिवस आम्ही काय खाल्ले, काय प्यालो, हे सांगता येणार नाही. त्या देवदयेने परतल्या. परंतु तीस वर्षे आमच्या कीर्तनास पेटीची साथ करणारे आमचे स्नेही गेले. अखेरचे दर्शनही झाले नाही.

वाचकहो, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांस धीर दिला, त्या आमच्या तोंडून त्यानंतर दोन महिने हरीचे नाव निघेना. टाळ खुंटीस टांगला तो टांगलाच राहिला. पत्नी वाचली म्हणून आभार मानावेत, तर डोळ्यांपुढे स्नेह्याची पेटी येई; ती मिटलेली. आभार मानणे म्हणजे त्याच्याशी द्रोह, असे काहीसे वाटू लागले. कोणी भेटावयास आले आणि ‘देवाची इच्छा’ म्हणाले, की आम्हांस ती भीमाकाठची माउली आठवे.

२० जुलै २०२१ ची एकादशी जवळ आली. दशमीस स्नेह्यांच्या पत्नीचा दूरध्वनी आला. त्या म्हणाल्या, “बुवा, यंदा एकादशीचं कीर्तन करणार नाही म्हणता, असं ऐकलं. ह्यांनी तीस वर्षांत एकही एकादशी चुकवली नव्हती. तुम्ही चुकवलीत तर ती ह्यांचीही चुकली असं होईल.” आम्ही म्हणालो, “वहिनी, सूर कोण धरील?” क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, “पेटी पाठवते. वाजवायला कोणी नसलं तरी जवळ असू द्या.”

सायंकाळी पेटी आली. दुसऱ्या दिवशी घरातील देव्हाऱ्यापुढे आम्ही उभे राहिलो. श्रोते तीन: सौभाग्यवती, नातू आणि शेजारच्या घरातील एक वृद्ध गृहस्थ, तेही दाराबाहेर बसलेले. डावीकडे ती मिटलेली पेटी. पूर्वरंगास नेहमीचे निरूपण सुचेना. ‘जे झाले ते बरे झाले’ असे त्या दिवशी आम्हांस म्हणवेना. आजही म्हणवत नाही. मग आम्ही एवढेच केले, की आमच्या स्नेह्याने आमच्यासाठी काय काय केले, ते देवास सांगू लागलो. ते नेहमी आमच्या आधी येऊन सूर लावून ठेवीत. आमचा आवाज बसला की न सांगता पट्टी उतरवीत. एकदा पुरात रस्ता तुटला, तेव्हा पेटी डोक्यावर घेऊन ते कमरेएवढ्या पाण्यातून आले. एकदा आम्ही भर कीर्तनात आख्यान विसरलो, तेव्हा त्यांनी जयघोष सुरू करून आमची लाज राखली. असे सांगता सांगता घटका गेली, दुसरी गेली. सांगणे संपेना.

तेव्हा ‘कृतज्ञ’ या शब्दाचा अर्थ आम्हांस साठीच्या उंबरठ्यावर प्रथम कळला. जे नेले त्याबद्दल आभार मानावयाचे नसतात. जे दिले होते ते जाणावयाचे असते. मृत्यूने आमचा स्नेही नेला. तीस वर्षे मात्र नेता आली नाहीत. ती ‘कृत’ होती. झालेली, मिळालेली, कोणासही परत न घेता येणारी. शोक आणि कृतज्ञता एका घरात नांदू शकतात. एकीस आत घेण्यासाठी दुसऱ्यास बाहेर घालवावे लागत नाही.

नित्याची शिदोरी

आमच्या पूर्वजांनी ही जाणीव कोणाच्या मनःस्थितीवर सोपविली नाही. ती दिनचर्येत विणून ठेवली. मनुष्य जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो, हे वेदवचन त्याच्या मुळाशी आहे. म्हणून सकाळी उठताच प्रथम आपल्या तळहातांचे दर्शन घ्यावयाचे, भूमीवर पाय ठेवण्यापूर्वी तिची क्षमा मागावयाची, जेवणापूर्वी पानाभोवती चित्राहुती घालावयाच्या, तिन्हीसांजेस दिव्यास हात जोडावयाचे. बैलासाठी पोळा, शस्त्र-अवजारांसाठी खंडेनवमी. मन प्रसन्न असो वा नसो, हात जोडले जात. आणि पुष्कळदा जोडलेल्या हातांमागून मन येई. आज भीती वाटते ती श्रद्धा आटल्याची नव्हे. हे हातच मोकळे राहिल्याची वाटते.

म्हणून या चातुर्मासासाठी एक सोपे व्रत सुचवितो. चातुर्मासात कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतो, कोणी एकभुक्त राहतो. ते अवश्य करावे. त्याबरोबर, सांजवात लावल्यावर घरातील सर्वांनी देव्हाऱ्यापुढे बसावे आणि प्रत्येकाने आज आपल्यासाठी कोणी काय केले, एवढे एकच सांगावे. ‘आईने डबा दिला’ एवढे लहान मुलाचे वाक्यही पुरे. ज्या घरी दुःख आहे, तेथे कोणास बोलण्याचा आग्रह करू नये. नुसते जवळ बसावे. आणि दिवसभरात ज्याचे नाव घेतले गेले, त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशी काही करता आले तर करावे. कारण कृतज्ञता मनात साठविली तर विटते, हातांत उतरली तर वाढते.

पेरणी आणि वारी

आशेचा पाठ मात्र आम्ही वारकऱ्यांकडूनच घेतला. २०२३ साली एकादशी २९ जूनला होती आणि पाऊस लांबला होता. मृग कोरडा गेला. आळंदीहून, देहूहून निघालेली मंडळी रखरखत्या उन्हात चालत होती. एका वृद्ध शेतकऱ्यास आम्ही विचारले, “बाबा, पेरण्या झाल्या का?” ते म्हणाले, “पाऊसच न्हाई, पेरणार कशावर?” “मग काळजी नाही वाटत?” ते हसून म्हणाले, “वाटती की! पर बी निवडून, उन्हं देऊन, पोत्यात भरून ठिवलंय. आता हिकडं आलोय.”

काळजी नाही, असे ते म्हणाले नाहीत. आणि पाऊस नक्की येईल, असेही म्हणाले नाहीत. बी मात्र तयार ठेवले होते. आशा म्हणजे उद्याची खात्री नव्हे. आशा म्हणजे निवडून ठेवलेले बी. अशोकवनाच्या कुंपणावर हात जोडून उभा असलेला मारुती आणि पोत्यात बी भरून पंढरीची वाट चालणारा हा म्हातारा, यांत आम्हांस काहीच अंतर दिसत नाही.

१० जुलै २०२२ रोजी, दोन वर्षांच्या खंडानंतर, पायी वारी होऊन पुन्हा एकादशी साजरी झाली, तेव्हा वाळवंट माणसांनी फुलून गेले. त्या रात्री आमच्या कीर्तनास तीच पेटी होती. वाजवावयास आमच्या स्नेह्यांचा सतरा-अठरा वर्षांचा पुतण्या बसला होता. त्याचे बोट दोनदा चुकले, एकदा पट्टीही चुकली. समोर बसलेल्या वहिनी डोळे पुशीत होत्या आणि हसतही होत्या. कीर्तन संपल्यावर पोराने पाया पडून विचारले, “बुवा, पुढल्या एकादशीलाही मीच येऊ का?” आम्ही म्हणालो, “ये. पण आमच्या आधी ये, आणि सूर लावून ठेव.”

तो तेव्हापासून येतो. कधी उशीर करतो, आम्ही रागावतो. परंतु आता त्याचे बोट चुकत नाही.

पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर तो परमात्मा अठ्ठावीस युगे उभा आहे, असे आपण म्हणतो. आईबापांच्या सेवेत गुंतलेला पुत्र मागे वळून पाहील, एवढ्या एका आशेवर देवच ताटकळत उभा राहिला आहे! जेथे देवाने वाट पाहण्याचे व्रत घेतले, तेथे आपणही घडीभर थांबावयास काय हरकत आहे? आज फराळापूर्वी देव्हाऱ्यापुढे हात जोडाल, तेव्हा मागावयाचे ते अवश्य मागावे. परंतु मागण्यापूर्वी, मिळालेल्यांपैकी एकाचे तरी नाव घ्यावे. एवढी सेवा पांडुरंग गोड मानून घेवो, आणि आपणा सर्वांच्या घरी पाऊस, धान्य आणि समाधान सुखरूप येवो.

॥ श्रीपांडुरंगार्पणमस्तु ॥